फोटोकाकांचे हललेले फोटो

इस्पितळाच्या तळमजल्यावर औषधांच्या खिडकीला वळसा घालून गेलं की डाव्या हाताला एक जाड दार लागायचं. त्या दाराआड फोटोकाकांचं राज्य होतं. राज्य म्हणजे एक यंत्र, खुंटीवर टांगलेला शिशाचा एप्रन, एक स्टूल आणि एक आवाज. लोक एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून हे फोटोकाका. वास्तविक त्यांनी उभ्या आयुष्यात माणसाचा बाहेरून असा एकही धड फोटो काढला नव्हता. नातेवाइकांच्या गोतावळ्यात कुणी हौसेने हातात मोबाइल दिलाच, तर ते सगळ्यांच्या छात्या व्यवस्थित मध्यभागी घेत आणि मुंडकी वाऱ्यावर सोडत.

पण आतून विचाराल तर निम्मं गाव त्यांच्या ओळखीचं होतं. रस्त्यात कुणी नमस्कार केला की चेहऱ्यावरून त्यांना काही म्हणजे काही आठवत नसे. "कोण हो हे?" असं काकूंनी विचारलं की काका त्या पाठमोऱ्या गृहस्थाकडे जरा वेळ बघत राहत, मग त्यांचा चेहरा उजळे. "डाव्या खांद्याचं हाड. दोन तुकडे होते. सुरेख जुळलंय." काकूंना यातून त्या माणसाचं नाव, गाव, मुलंबाळं काहीच कळत नसे, पण तो बरा झाला एवढं कळे, आणि चालताचालता तेवढं पुरे असतं.

आता त्या आवाजाविषयी. "श्वास घ्या. आणखी. आणखी. रोखा. हलू नका." हे काका ज्या थाटात म्हणत, त्या थाटात सेनापतीसुद्धा फौजेला हुकूम देत नसतील. दार एवढं जाड, तरी आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जाई आणि नंबर लागायची वाट बघणारी माणसंही नकळत छाती फुगवून बसत. मग आतून "सोडा" ऐकू आलं की सगळा बाक एकदम सैल पडे. काकांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, श्वास रोखता येणारे आणि न येणारे. दुसऱ्या जातीत त्यांनी सगळे वकील, बहुतेक शिक्षक आणि नुकतेच आजोबा झालेले झाडून सगळे टाकले होते, कारण ही मंडळी गप्पच बसत नाहीत.

अशा माणसाला न्यूमोनिया व्हावा ही छातीची एक चेष्टाच म्हणायची. आधी साधा खोकला म्हणून त्यांनी तो अंगावर काढला. काकू रोज म्हणत होत्या की इतक्या लोकांची छाती बघता, एकदा स्वतःची बघा. काका म्हणत, मला माझी माहीत आहे. शेवटी तापाने फणफणून ते आपल्याच एक्स-रेच्या खोलीत रोगी म्हणून आले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बाईंनी त्यांना फोटोच्या पाटीसमोर उभं केलं. या बाई दोन मुलांची आई, कामाला चोख, आणि काकांचे हुकूम त्यांना तोंडपाठ. त्यांनी तोच हुकूम त्याच चालीत सोडला. काकांनी श्वास घेतला, "आणखी" म्हटल्यावर आणखी घ्यायला गेले, आणि असे खोकले की फोटो वाया गेला. दुसरा वाया गेला. तिसराही. काकांना त्या क्षणी आपण वकिलांच्या रांगेत जाऊन बसल्यासारखं वाटलं.

औषधांनी ताप गेला, पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काही उघडेना. छातीचे डॉक्टर वयाने काकांपेक्षा लहान, तरी बोलायला स्पष्ट. ते म्हणाले, काका, जिना चढताना तुम्हाला मध्ये थांबावं लागतंय. चाकांचं यंत्र ढकलत तुम्ही वॉर्डावॉर्डात कसे जाणार, रोग्यांना कुशीवर कसे वळवणार? छाती उघडेपर्यंत रजा. उघडलीच नाही, तर निवृत्त होईपर्यंत रेकॉर्डच्या खोलीत बसा, बसून काम आहे.

रेकॉर्डची खोली काकांना माहीत होती. तिथे माणसांच्या फायली असत, माणसं नसत. तिथे बसणाऱ्या माणसाकडे दिवसभरात कुणी बोलायला आलंच, तर ते दिवा बंद करायला विसरलात एवढं सांगायला. घरी येताना काका रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी मात्र त्याच वेळी मनाशी काहीतरी पक्कं केलं असावं, कारण त्याही बोलल्या नाहीत, आणि ही गोष्ट रोजची नव्हे.

डॉक्टरांनी एक यंत्र दिलं होतं. तीन उभ्या प्लास्टिकच्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत चेंडू, आणि तोंडात धरायला एक वाकडी नळी. जोरात हवा आत ओढली की चेंडू वर चढतात. चढवायचे, तसेच धरून ठेवायचे, सोडायचे. दिवसातून अनेकदा. काकांना हा सगळा प्रकार स्वतःच्या पदाला न शोभणारा वाटला. पाळण्यावर टांगायचा खुळखुळा तोंडात धरून बसायला मी काय तान्हा आहे, असं त्यांचं म्हणणं. काकू समोर असल्या की ते नळी तोंडात धरत आणि यंत्र हळूच तिरपं करत, म्हणजे चेंडू आपोआप घरंगळून वर जात. हा शोध आपल्याखेरीज कुणाला लागलेला नाही अशी त्यांची समजूत होती. काकूंनी तो पहिल्याच दिवशी पकडला होता.

"अहो, चेंडूंचा व्यायाम झाला असेल तर आता तुमचा करा," त्या एवढंच म्हणाल्या.

त्यांची लेक दुसऱ्या गावी नोकरीला. आजारपणात येऊन गेली तेव्हा तिने आपला जुना कॅमेरा मागे ठेवला होता. त्याची लेन्स वीतभर अंतरावरची बारीकसारीक वस्तू थाळीएवढी करून दाखवी. बाबांनी बसल्या बसल्या काहीतरी बघावं, असा तिचा हेतू. बाबांनी तो कपाटावर ठेवला आणि बसल्या बसल्या छत बघायला सुरुवात केली.

पुढे एका सकाळी काकूंनी ते चेंडूंचं यंत्र धुऊन मागच्या अंगणात पायरीवर उन्हात ठेवलं होतं. काका तिथेच खुर्ची टाकून रुसलेले. त्यांचं लक्ष गेलं तर मधल्या नळीच्या टोकावर एक कोळी बसलेला. जाळं विणणारा लांबड्या पायांचा नव्हे, टुणकन उडी मारणारा असतो ना, तो. मुगाच्या दाण्याएवढा, केसाळ, आणि गड्याचा ऐटीत बसायचा ढंग असा, की यंत्र आपल्याच नावावर आहे. काका वाकले. तेव्हा त्याने अंग जागचं न हलवता पुढचा भाग तेवढा वळवला आणि काकांकडे बघितलं. समोर चार डोळे. त्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे.

काकांच्या आयुष्यात हे नवीन होतं. छातीचा फोटो काढताना माणूस पाटीकडे तोंड करून, यंत्राकडे पाठ करून उभा असतो. इतकी वर्षं त्यांनी नुसत्या पाठी बघितल्या. काम चालू असताना कुणी वळून आपल्याकडे बघतंय, तेही चार डोळ्यांनी, हा मान त्यांना प्रथमच मिळत होता. ते उठले, पायांचा आवाज न करता आत गेले आणि कपाटावरून कॅमेरा घेऊन आले.

फोटो हललेला आला. फोटो हलला म्हणजे रोगी हलला, हा त्यांचा धंद्यातला पक्का नियम. त्यांनी कोळ्याकडे रोखून बघितलं. कोळी दगडासारखा स्थिर होता. म्हणजे इतक्या वर्षांत प्रथमच हलणारा माणूस यंत्राच्या अलीकडे होता. याच्यावर उपाय कुणाला विचारायची गरज नव्हती. इस्पितळात तो उपाय रोज काकाच तर वाटत आले होते. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि स्वतःलाच हुकूम दिला, मोठ्याने. श्वास घ्या. आणखी. आणखी. रोखा. मग कोळ्याला, तेवढ्याच अदबीने, हलू नका.

खोकल्याची अशी उबळ आली की कोळी उडी मारून थेट जास्वंदीत गेला. पण दुसऱ्या दिवशी तो परत आला. काका तर आधीच येऊन बसले होते.

त्यानंतर त्या घराचं वेळापत्रक किडे ठरवू लागले. ऊन पायरीवर यायच्या आत काका अंगणात. कोळी झाला, मग पाण्याच्या टाकीमागची पाल, मग लिंबाच्या पानावरचा सुरवंट, कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्यासारखा बसलेला चतुर, नळाखालच्या ओलीतली गोगलगाय. प्रत्येकापुढे काका उकिडवे बसायचे, छाती तुडुंब भरून घ्यायचे, मुठीत जीव धरल्यासारखे तसेच राहायचे आणि बटण दाबायचे. सुरुवातीला कोळ्याने मान वळवायच्या आत त्यांचा दम संपे. मग हळूहळू कोळी कंटाळू लागला. गोगलगायीच्या बाबतीत तर ती दोन पानं ओलांडून जाईपर्यंत ते टिकू लागले, आणि तिची चाल लक्षात घेता हे साधं नव्हतं.

एकदा शेजारच्या बँकवाल्या साहेबांनी गच्चीवरून खाली पाहिलं तर काका कुंड्यांमध्ये पालथे पडलेले, निपचित, छातीचा भाता बंद. साहेबांनी वरूनच हाक मारली, वहिनी, काका पडलेत बघा. काकू भांडी विसळत होत्या. त्यांनी खिडकीतून शांतपणे सांगितलं की पडले नाहीत, गोगलगायीकडे गेलेत, येतील. साहेब त्यानंतर काही दिवस गच्चीवर जाताना आधी खोकून जात.

इतकं सगळं होऊन फोटो मात्र हललेलेच. काकांची चिकाटी अफाट आणि फळ शून्य. पाल धुक्यात सापडलेली. सुरवंट भूकंपातून पळताना. चतुर तर कुणीतरी जोरात पुसल्यासारखा दिसे. काका तो प्रत्येक फोटो घरातल्या तिघांच्या ग्रुपवर टाकत आणि लेकीच्या मताची वाट बघत बसत. लेक कळवी, बाबा, हालचाल छान पकडलीय. किंवा, रंग सुंदर आलाय. सुरवंटाचा चेहरा कुठल्या बाजूला आहे असं तिने एकदाच विचारलं. पुन्हा नाही.

काकूंचं वागणं आणखी नवलाचं. ज्या बाई अंगणात एक वाळकं पान पडू देत नसत, त्यांनी कुंड्यांमागचा कोपरा झाडायचं सोडून दिलं. दुपारचा चहा आपणहून अंगणात आणून देऊ लागल्या. कॅमेऱ्यावर एक टोमणा नाही की किड्यांवर एक शेरा नाही. एकदा काका हिरमुसून बसले होते, ढालकिड्याचे सगळे फोटो वाया गेले होते. काकू मागून आल्या, पडद्यावर डोकावल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "श्वास कमी पडला असेल. आणखी थोडा भरून घ्या बघू."

काकांना ते पटलं. त्यांनी आणखी भरून घेतला.

इकडे चेंडूंच्या यंत्राला कुणी हात लावत नव्हतं. कोळ्याने मधल्या नळीत पांढरं रेशमी बिऱ्हाड थाटलं होतं आणि त्याला धक्का लावायचा नाही असा काकांचा सक्त हुकूम होता. डॉक्टरांनी दिलेला दिवस उजाडला तेव्हा काका त्या यंत्राकडे बघत बसले. व्यायाम केलाच नाही, आता छाती कशी उघडणार? रेकॉर्डची खोली त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागली, तिथल्या कुबट वासासकट. त्या सकाळी ते अंगणात गेले नाहीत. काकूंना म्हणाले, मी तिरपं धरत होतो ते यंत्र, तुला सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, माहितीये, शर्ट घाला.

एक्स-रेच्या खोलीत त्याच बाई होत्या. काकांनी पाटीला छाती टेकवली, खांदे पुढे घेतले. हुकूम सुरू झाला. श्वास घ्या. काकांनी घेतला. आणखी. घेतला. आणखी. अजून जागा होती. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. घरात आपल्याला ठाऊकच नसलेली एक खोली असावी आणि तिचं दार ढकलताच उघडावं, तसं काहीसं. ते तसेच उभे राहिले, निवांत, पालीसमोर राहत तसे. फोटो पहिल्याच फटक्यात आला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळेही पुसायचे होते. दोन्ही एकदम जमेना, म्हणून त्यांनी एप्रन नीट टांगायला घेतला.

डॉक्टरांनी फोटो पडद्यावर लावला. खालचा पांढरा भाग विरला होता. एक बारीकशी रेघ उरली होती, ती राहील, तिचा त्रास नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी काकांना लांबलचक व्हरांड्यात भराभर चालवून आणलं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला आणि मान डोलावली. पुढच्या आठवड्यापासून कामावर या.

"काका, यंत्र अगदी मनापासून केलेलं दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. काकू शेजारून म्हणाल्या, "हो तर. सकाळ-संध्याकाळ."

घरी आल्यावर काका सरळ अंगणात गेले आणि पायरीवर बसले. जास्वंद, टाकी, तार, सगळीकडे बघत होते, जणू प्रत्येकाला जाऊन हात मिळवावा असं मनात होतं. काकू चहा घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या. आणि मग, आता सांगायला हरकत नाही, अशी सुरुवात करून त्यांनी जे सांगितलं त्याने काकांचा चहा कपातच राहिला.

अगदी सुरुवातीला, दोनचार हललेले कोळी ग्रुपवर गेले तेव्हाच, लेकीचा फोन आला होता. काका तेव्हा नळापाशी होते. ती म्हणाली होती, आई, बाबांना सांग की छाती भरून घेऊन बटण दाबायचं नसतं. छाती ठासून भरली की खांदे ताठतात, काळीज धडधडतं आणि ती धडधड हातात उतरते. अर्धा श्वास सोडून द्यायचा, मग हलकं दाबायचं. सगळे फोटो लख्ख येतील.

"मग?" काका म्हणाले.

"मग काय. मी तिला म्हटलं, एक अक्षर बोलायचं नाही. त्यांना चांगले फोटो काढायला येऊ लागले, तर श्वास कोण घेणार?"

काकांच्या डोळ्यांपुढून एकेक जनावर जाऊ लागलं. तो हिरवा सरडा, आयुष्यात एकदाच कुंपणावर येऊन बसला होता, गळा फुगवून, कॅमेऱ्याकडे बघत. तो चतुर. ते ढालकिड्याचं जोडपं. सगळे हलवून टाकले होते, एका बायकोच्या कारस्थानापायी, आणि त्यात पोटची पोरगी सामील. त्यांनी रागवायचा मनापासून प्रयत्न केला. त्यासाठी मोठा श्वास घेतला. तो इतका आत, इतका खोल आणि इतका सहज गेला की रागाचं काय करायचं ते त्यांना कळेना. डोळे भरून आले तेव्हा ते उन्हाकडे बघतोय असं दाखवत राहिले.

त्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती. संसाराला इतकी वर्षं झाली, पण पाणी आणून दिलं तरी कुणी कुणाला थँक्यू म्हणत नसे. त्यामुळे काकांकडे त्यासाठी लागणारा शब्दच नव्हता. शोधून शोधून ते म्हणाले, "आणखी काय काय लपवलंयस?"

"बरंच आहे," काकू कप गोळा करत म्हणाल्या. "तब्येत बघून सांगेन."

काका कामावर रुजू झाले. बाकावरची माणसं पुन्हा छाती फुगवून बसू लागली. इस्पितळाच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीलगत, गवताचा एक पट्टा आहे. डबा खाऊन झाला की काका कॅमेरा घेऊन तिथे उकिडवे दिसू लागले. अर्धा श्वास सोडायची युक्ती त्यांना आता ठाऊक होती आणि जमतही होती. लेकीसाठी ते तसे लख्ख फोटो काढत. नाकतोड्याच्या मिशांवरचे परागकण मोजून घ्यावेत असे. लेक ते मैत्रिणींना दाखवी, आमचे बाबा म्हणून.

पण त्याआधी, रोज न चुकता, एक फोटो ते जुन्या पद्धतीने काढत. छाती तुडुंब भरून, अगदी तळापर्यंत, खांदे कानाला लागेपर्यंत, मग बटण. तो फक्त काकूंना पाठवत. सोबत एक अक्षर नसे. काकू जेवणं आटोपून ओट्यापाशी उभ्या असत. मोबाइल वाजला की हात पुसून चष्मा लावत. हे नाकतोडा आहे की गवत, मुंगी आहे की काडी, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्या फक्त फोटो किती हललाय ते बघत. भरपूर हललेला असला की त्यांना समाधान वाटे, आणि त्या ताट झाकून जरा आडव्या होत.

एका दुपारी मात्र फोटो आला तो अगदी लख्ख. पानावर मुंगी, तिच्या पायांवरचे केससुद्धा दिसताहेत, दवाचा थेंब असावा तसा तिचा गोल डोळा. काकू त्याकडे बघत उभ्याच राहिल्या. मग त्यांनी तडक फोन लावला. काका कामाच्या वेळी फोन उचलत नसत, पण काकू कधी करतही नसत, म्हणून त्यांनी उचलला.

"अहो, बरं आहे ना? खोकला नाही ना आला? फोटो हलला नाहीये तो," काकू म्हणाल्या.

पलीकडून काकांचा दणदणीत आवाज आला, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अगं, तो मी नाही काढला. माझ्या हातात आज चहा होता, म्हणून बाईंना काढायला सांगितला. माझा पाठवतो आत्ता."

आणि थोड्या वेळाने आला. त्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा मुंगी असावी. काकूंनी तो डोळे भरून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.